न मागता कापलेले पैसे : मोबाइलच्या चुकीच्या आकारणीचा आढावा

समजा, महिन्याला तीस रुपयांची एखादी सेवा फोनवर नकळत सुरू झाली आणि तीन वर्षे तशीच चालू राहिली. गेलेली रक्कम होते १,०८० रुपये. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या हिशेबाने साडेतीन दिवसांहून जास्त मजुरी न मागितलेल्या गाण्यापायी किंवा राशिभविष्यापायी गेली. गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी तालुक्यात धानाची रोवणी आटोपली की कापणीपर्यंत रोज काम मिळेलच याचा भरवसा नसतो. अशा घरात ही रक्कम लहान नाही.

तरीही या पैशासाठी भांडणारे थोडेच. बॅलन्स कटला, असे म्हणून माणूस पुढचा रिचार्ज मारतो. चूक एका दिवसाची असती तर सोडूनही दिली असती, पण वर्षानुवर्षे चालणारी वजावट ही एका प्रश्नाकडे बोट दाखवते: ग्राहकाने सेवा मागितली होती की नाही, हे सिद्ध कोणी करायचे? माझ्या मते या सगळ्या विषयाचा निकाल याच प्रश्नावर लागतो. पैसे ज्याने घेतले, त्याने संमती दाखवावी. नियम, न्यायनिवाडे आणि परदेशांतले अनुभव या एका कसोटीवर लावून पाहण्यासाठी हा आढावा आहे.

वजावट सुरू कशी होते

साध्या बटणांच्या फोनवर हा प्रकार सर्वांत स्पष्ट दिसतो. फोन खिशातून काढावा तर पडद्यावर आपोआप उमटलेला एक इंग्रजी संदेश असतो. खाली डाव्या कोपऱ्यात ‘ओके’, उजव्या कोपऱ्यात ‘कॅन्सल’. फोन लावायची घाई असते, संदेश वाटेतून हटवायचा असतो, म्हणून अंगठा सवयीने डाव्या बटणावर जातो. ग्राहकाच्या लेखी त्याने पडदा मोकळा केला. यंत्रणेच्या लेखी त्याने सेवा मागितली. पुढच्या वादाचे मूळ या एका बटणात असते.

याच जातीचे आणखी मार्ग होते. दुसऱ्याला फोन लावल्यावर त्याची धून ऐकू येत असताना तारांकित बटण दाबले की तीच धून आपल्या क्रमांकावर सुरू व्हायची. ध्वनिमुद्रित फोन यायचे आणि ‘एक दाबा’ म्हणायचे. इंटरनेटवर एखाद्या जाहिरातीला बोट लागले की वर्गणी सुरू व्हायची. क्रिकेटचा धावफलक, भक्तिगीते, विनोद, भविष्य, नोकरीच्या बातम्या अशा कित्येक गोष्टी ‘मूल्यवर्धित सेवा’ या नावाखाली विकल्या जात. त्या पुरवणारी कंपनी बहुधा वेगळी असते; पैसे मात्र मोबाइल कंपनीच्या खात्यातून कापले जातात आणि दोघांत वाटले जातात. त्यामुळे ग्राहकाने विचारले की जबाबदारी या टेबलावरून त्या टेबलावर जाते.

पोस्टपेडमध्ये चुकीचे रूप निराळे असते. जोडणी बंद करायला सांगूनही मासिक भाडे लागत राहते. ठरलेल्या योजनेऐवजी दुसऱ्याच योजनेचा दर लागतो. इंटरनेट वापराचा आकडा अचानक फुगतो. कधी तर आपण न घेतलेल्याच सिमकार्डचे बिल येते, कारण आपल्या ओळखपत्राची प्रत कोणीतरी दुसरीकडे वापरलेली असते. केंद्राच्या दूरसंचार विभागाने मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ पोर्टल देशासाठी खुले केले. आपल्या नावावर किती क्रमांक चालू आहेत हे तिथे पाहता येते आणि न घेतलेला क्रमांक कळवता येतो.

गेल्या काही वर्षांत चित्र थोडे बदलले आहे, हेही नोंदवले पाहिजे. अमर्याद कॉलच्या पॅकमुळे अनेकांच्या मुख्य खात्यात कापण्याजोगी रक्कमच उरत नाही आणि जुन्या धाटणीची रोजची वजावट त्यामुळे कमी झाली. पण न मागितलेली वर्गणी संपलेली नाही, तिने जागा बदलली आहे. आता ती यूपीआयच्या ‘ऑटोपे’मधून, अ‍ॅपच्या ‘मोफत चाचणी’तून येते. नियमितपणे आपोआप जाणाऱ्या रकमांसाठी रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२१ पासून वजावटीच्या किमान चोवीस तास आधी पूर्वसूचना देण्याचा नियम लागू केला. केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहकाला चकवणाऱ्या तेरा पद्धती अनुचित ठरवल्या. सहज सुरू होणारी आणि बंद करताना दमवणारी वर्गणी त्यात आहे.

चूक इतकी वर्षे का टिकते

पहिले कारण, प्रीपेड ग्राहकाच्या हातात बिल नसते. गावातल्या बहुसंख्य जोडण्या प्रीपेड आहेत. रिचार्ज दुकानदार मारून देतो, संदेश इंग्रजीत येतो, आणि पैसे संपले एवढेच कळते. कशासाठी संपले हे कळत नाही. खरे तर २०१२ च्या दूरसंचार ग्राहक संरक्षण नियमांनी प्रीपेड ग्राहकालाही तपशीलवार वापराचे विवरण मागण्याचा हक्क दिला आहे. मागच्या सहा महिन्यांपर्यंतचे विवरण मागता येते, आणि त्यासाठी पन्नास रुपयांपेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही. हा हक्क रिचार्जच्या दुकानांत कुठे लिहिलेला दिसत नाही.

दुसरे कारण भाषेचे. कस्टमर केअरच्या यंत्राने मराठीचा पर्याय दिला तरी त्या मराठीत ‘सक्रियीकरण’, ‘निष्क्रियीकरण’ असे शब्द असतात. आरमोरीकडून कुरखेडा, कोरची, धानोऱ्याकडे गेले की घरची बोली झाडीबोली असते नाहीतर गोंडी. गोंडीचा पर्याय यंत्रात नसतो. ज्या भाषेत माणूस घरचा हिशेब करतो त्या भाषेत वजावटीची खबर मिळत नसेल, तर तो माणूस ‘कळूनही गप्प राहिला’ असे म्हणता येणार नाही.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. नंबर सोडता येत नाही. आधार, बँक खाते, गॅस, लाडकी बहीण योजनेचा हप्ता, किसान सन्मानचे पैसे, आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर विकलेल्या धानाच्या चुकाऱ्याची खबर, मुलांच्या शिष्यवृत्तीचा ओटीपी, सगळे एकाच क्रमांकाला बांधलेले असते. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय देशभरात २० जानेवारी २०११ पासून आहे. पण पोस्टपेड ग्राहकाचे आधीचे बिल थकीत दिसत असेल तर हा बदल नाकारता येतो. म्हणजे जे बिल चुकीचे आहे असे ग्राहक म्हणतो, तेच बिल त्याला त्या कंपनीकडे अडकवून ठेवते. बरेच जण शेवटी कंटाळून ते भरून टाकतात, आणि भरले म्हणजे मान्य केले असा अर्थ लावला जातो.

चौथे कारण खर्चाचे. आरमोरीहून जिल्ह्याचे ठिकाण गडचिरोली पस्तीसेक किलोमीटर. वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरी जवळ पडते, पण तो चंद्रपूर जिल्हा. बसभाडे आणि बुडालेला रोज धरला तर एका फेरीतच कापलेल्या पैशाहून जास्त खर्च होतो. लहान रकमेच्या चुकीला हे अंतरच संरक्षण देते. रक्कम एका ग्राहकापाशी लहान आणि लाखो ग्राहक मिळून मोठी, अशा आकारणीत एकटा माणूस भांडत नाही यावरच सगळे चालते. म्हणून हा प्रश्न एकेकट्याच्या चिकाटीवर सोडून भागत नाही.

नियमांनी काय दिले

दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, १९९७ च्या कायद्याने अस्तित्वात आले. पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही, की ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार निवाड्यासाठी घेत नाही. ते नियम करते, कंपन्यांकडून अहवाल मागवते, दंड करते. कायद्याने २००० साली स्थापन झालेले दूरसंचार न्यायाधिकरणही वैयक्तिक ग्राहकासाठी नाही. त्याच्या कलमातच ग्राहक मंचाकडे जाऊ शकणारी वैयक्तिक तक्रार बाहेर ठेवली आहे.

मग ग्राहकासाठी काय? २००७ च्या नियमांनी तीन पायऱ्या दिल्या होत्या: कॉल सेंटर, नोडल अधिकारी, अपील प्राधिकारी. जानेवारी २०१२ मध्ये नोडल अधिकाऱ्याची मधली पायरी काढली. आता तक्रार केंद्र आणि त्यावर अपील प्राधिकारी, एवढेच दोन टप्पे आहेत. प्रत्येक तक्रारीला क्रमांक देणे, तो एसएमएसने कळवणे आणि निकालही कळवणे कंपनीवर बंधनकारक आहे. बिलाच्या तक्रारी चार ते सहा आठवड्यांत मिटवायच्या आणि तक्रार खरी ठरली तर पैसे आठवड्याच्या आत खात्यात परत करायचे, अशी सेवा-दर्जाच्या नियमांची चौकट आहे. समाधान झाले नाही तर मुदत संपल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते. त्याला शुल्क नाही. अपील एकोणचाळीस दिवसांत निकाली काढायचे असते.

कागदावर हे चांगले आहे. त्रुटी एकच, पण मुळातली: अपील प्राधिकारी कंपनीचाच अधिकारी असतो. त्याला सल्ला देणाऱ्या दोन सदस्यांच्या समितीत ट्रायकडे नोंदलेल्या ग्राहक संस्थेचा एक प्रतिनिधी असतो, दुसरा कंपनीचा. ज्याच्यावर आरोप त्याच्याच घरात निवाडा, हे या रचनेचे दुबळेपण आहे.

मूल्यवर्धित सेवांबाबत ट्रायने जुलै २०१३ मध्ये दिलेला आदेश अधिक धारदार होता. सेवा सुरू करण्यासाठी ग्राहकाची दोनदा संमती हवी. दुसरी संमती सेवा विकणाऱ्यापेक्षा वेगळ्या, तिसऱ्या पक्षाच्या यंत्रणेतून घेतली गेली पाहिजे. सेवा सुरू झाल्याचा संदेश गेला पाहिजे आणि ग्राहकाने चोवीस तासांत बंद करायला सांगितले तर पैसे परत मिळाले पाहिजेत. सर्व कंपन्यांसाठी १५५२२३ हा एकच टोल-फ्री क्रमांक ठेवला गेला. त्यावर फोन करून किंवा इंग्रजी अक्षरांत ‘स्टॉप’ असा संदेश पाठवून सेवा बंद करता येते. २०१५ मध्ये मोबाइल इंटरनेटही ग्राहकाच्या स्पष्ट संमतीशिवाय सुरू करायला मनाई झाली, त्यासाठी १९२५ हा क्रमांक आला.

या आदेशाचे मोल नीट ओळखले पाहिजे. संमतीची नोंद कुठे तरी असलीच पाहिजे, हे नियमाने मान्य झाले. नोंद असेल तर ती दाखवता येते, आणि दाखवता येत नसेल तर वजावटीला आधारच उरत नाही. कंपनीला विचारायचा प्रश्न इथेच सापडतो. ‘पैसे का कापले?’ असे विचारले की ‘आपण सेवा घेतली होती’ हे ठरलेले उत्तर येते. ‘दोन्ही संमती कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या मार्गाने घेतल्या, त्याची नोंद द्या’ असे विचारले की उत्तर द्यायला कागद काढावा लागतो.

बिलिंग यंत्रणेच्या अचूकतेसाठीही नियम आहेत. २००६ च्या संहितेनुसार कंपन्यांच्या मोजणी आणि आकारणीचे दरवर्षी लेखापरीक्षण होते. २०२३ मध्ये ही संहिता नव्याने आली. लेखापरीक्षणात जादा आकारणी सापडली तर ती संबंधित ग्राहकांना परत द्यायची असते. ग्राहक सापडत नसेल तर ती रक्कम २००७ च्या नियमांनी उभारलेल्या ग्राहक शिक्षण व संरक्षण निधीत जाते. तत्त्व योग्य आहे, कारण चुकीचे पैसे कंपनीकडे राहू नयेत. पण लेखापरीक्षण दराचा हिशेब तपासते. सेवा मुळात मागितली होती की नाही, हे आकड्यांवरून कळत नाही.

न्यायालयाचे दार

२००९ पर्यंत टेलिफोनच्या बिलाचा वाद घेऊन लोक ग्राहक मंचात जात होते. १ सप्टेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात वेगळा निकाल दिला. बिल न भरल्याने एका ग्राहकाचा टेलिफोन तोडला होता आणि जिल्हा मंचाने तो पुन्हा जोडून पाच हजार रुपये भरपाई द्यायला सांगितले होते. १८८५ च्या तार कायद्यातल्या कलम ७ ब मध्ये अशा वादासाठी लवादाची तरतूद आहे, म्हणून ग्राहक मंचाला अधिकार नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर कित्येक मंचांनी मोबाइलच्या तक्रारी दारातूनच परत पाठवल्या. ते कलम सरकारी तार प्राधिकरणाला उद्देशून होते, खासगी कंपन्या ते प्राधिकरण नाहीत, असे दूरसंचार विभागाने जानेवारी २०१४ मध्ये पत्राने कळवले. तरी गोंधळ राहिलाच.

तो संपला १६ फेब्रुवारी २०२२ रोजी. अहमदाबादच्या एका ग्राहकाची पोस्टपेड जोडणी होती, मासिक भाडे २४९ रुपये, सरासरी बिल ५५५ रुपये. ८ नोव्हेंबर ते ७ डिसेंबर २०१३ या एका महिन्याचे बिल आले २४,६०९ रुपये ५१ पैसे. त्याने मे २०१४ मध्ये जिल्हा मंचात तक्रार दिली आणि २२,००० रुपयांची भरपाई मागितली. कंपनीने मंचाच्या अधिकारालाच आव्हान दिले. राज्य आयोग, राष्ट्रीय आयोग आणि मग सर्वोच्च न्यायालय असा तो प्रवास झाला. व्होडाफोन आयडियाच्या या अपिलात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने स्पष्ट केले, की तार कायद्यातली लवादाची वाट असली तरी ग्राहक मंचाचे दार बंद होत नाही. ग्राहक कायद्याचा उपाय जादाचा आहे, आणि कोणती वाट धरायची हे ग्राहकाने ठरवायचे.

हा निकाल ग्राहकांसाठी मोठा आहे. पण त्यातला काळ पाहा. तक्रार ऐकायची कुठे, एवढेच ठरायला जवळजवळ आठ वर्षे गेली. बिल बरोबर की चूक, हा प्रश्न अजून पुढेच होता. अहमदाबादसारख्या शहरातल्या माणसाची ही गत, तर आरमोरीच्या माणसाने तीस रुपयांसाठी हे करावे असे कोणी म्हणू शकणार नाही.

२०२३ च्या दूरसंचार कायद्याने १८८५ च्या तार कायद्याची जागा घेतली. त्याच्या कलम ३० मध्ये ऑनलाइन तक्रार निवारणाची व्यवस्था आहे, आणि त्यामुळे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखालचा हक्क बाधित होत नाही, असेही तिथेच लिहिले आहे. म्हणजे न्यायालयाने दिलेले आता कायद्यानेही दिले.

वीज ग्राहकाला आहे ते मोबाइल ग्राहकाला नाही

परदेशाकडे वळण्याआधी घरातलाच दाखला पाहू. आरमोरीत महावितरणचे बिल चुकीचे आले तर ग्राहकाकडे २००३ च्या विद्युत कायद्याची तीन हत्यारे असतात. पहिले, ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर स्वतंत्र विद्युत लोकपाल, ज्याचे कार्यालय नागपूरला आहे. दुसरे, हरकत नोंदवून मागणीइतकी किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी, यातली कमी असेल ती रक्कम भरली तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. तिसरे, बिलात सतत थकबाकी म्हणून दाखवली नसेल तर दोन वर्षांनंतर जुनी रक्कम उकरून काढता येत नाही. वीजबिलाच्या तक्रारी यामुळे संपल्या नाहीत, पण भांडणाऱ्याच्या पायाखाली जमीन आहे.

मोबाइल ग्राहकाला यातले एकही मिळत नाही. दूरसंचार लोकपाल नेमावा ही शिफारस ट्रायने २००४ मध्ये केली आणि मार्च २०१७ मध्ये पुन्हा केली. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरणातही तो शब्द आला. लोकपाल मात्र आला नाही.

बाहेरच्या देशांत हा प्रश्न वेगळ्या वाटांनी हाताळला गेला. ऑस्ट्रेलियात दूरसंचार लोकपाल १९९३ पासून काम करतो. ब्रिटनमध्ये कंपनीने ठरावीक आठवड्यांत तक्रार मिटवली नाही तर ग्राहक स्वतंत्र निवाडा यंत्रणेकडे विनाशुल्क जाऊ शकतो. अमेरिकेतला अनुभव आरमोरीच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचा आहे. तिथे राशिभविष्य, प्रेमाचे सल्ले, रिंगटोन यांची वर्गणी, बहुधा महिन्याला ९.९९ डॉलर, ग्राहकाच्या संमतीविना मोबाइलच्या बिलात घातली जात होती. तिसऱ्या पक्षाच्या या आकारणीतला किमान ३५ टक्के वाटा एटी अँड टी स्वतःकडे ठेवत होती, असे तिथल्या व्यापार आयोगाने मांडले. ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीने १०.५ कोटी डॉलरवर तडजोड केली. त्यातले ८ कोटी डॉलर ग्राहकांना परत देण्यासाठी होते. पुढच्या काही महिन्यांत टी-मोबाइल, व्हेरायझन आणि स्प्रिंट यांच्याशीही अशाच तडजोडी झाल्या. ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये टेल्स्ट्रा कंपनीला न्यायालयाने एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला, कारण ग्राहकांना न कळता डिजिटल मजकुराचे पैसे बिलात लागत होते.

या उदाहरणांतून शिकण्यासारखी गोष्ट दंडाचा आकडा नाही. तिथे यंत्रणेने प्रत्येक ग्राहकाला एकट्याने भांडायला लावले नाही. चुकीची पद्धत पकडली आणि त्या पद्धतीने नाडलेल्या सगळ्यांसाठी एकत्र परतावा काढला.

आरमोरीतून लढायचे तर

व्यवस्था सुधारेपर्यंत हाती आहे ते वापरलेच पाहिजे. पहिले काम, वजावट थांबवणे: १५५२२३ वर फोन. दुसरे, १९८ या विनाशुल्क क्रमांकावर तक्रार आणि तक्रार क्रमांक लिहून घेणे. घरातल्या दिनदर्शिकेवर तारखेच्या चौकोनात तो लिहिला तरी चालेल. क्रमांकाशिवाय केलेली तक्रार पुढच्या कोणत्याही पायरीवर तक्रार मानली जात नाही. तिसरे, पन्नास रुपयांच्या आतले तपशीलवार विवरण मागणे. ते लवकर मागावे. परवान्याच्या अटींनुसार कंपन्यांनी कॉलच्या नोंदी जपण्याची मुदत डिसेंबर २०२१ मध्ये एक वर्षावरून दोन वर्षे झाली. त्यानंतर पुरावा पुसला जाऊ शकतो.

मग लेखी अर्ज. तो लांबलचक नको. इतका मजकूर पुरे: ‘माझ्या क्रमांकावरून अमुक महिन्यापासून अमुक सेवेचे पैसे कापले जात आहेत. ही सेवा मी मागितलेली नाही. माझी पहिली आणि दुसरी संमती कधी, कोणत्या मार्गाने घेतली त्याची नोंद द्यावी. नोंद नसल्यास सुरुवातीपासूनची सर्व रक्कम परत करावी. माझा तक्रार क्रमांक हा आहे.’ पोस्टपेड असेल तर आणखी एक वाक्य: ‘बिलातील वादग्रस्त नसलेली रक्कम मी भरत आहे, उरलेल्या रकमेवर माझी हरकत आहे.’ अपिलालाही हाच अर्ज तारखा घालून चालतो.

तिथे न्याय मिळाला नाही तर दोन वाटा समांतर आहेत. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन कंपनीपर्यंत तक्रार पोचवून समेट घडवायचा प्रयत्न करते. केंद्राच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवरून दूरसंचार विभागाकडेही जाता येते. दुसरी वाट गडचिरोलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या कायद्याने ग्राहक राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, म्हणून कंपनीचे कार्यालय मुंबईत असले तरी बिघडत नाही. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील असलाच पाहिजे असे नाही, आणि दूरदृश्य सुनावणी मागण्याची सोय कायद्यात आहे. जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ पोर्टलवर तक्रार दाखल होते, ती आरमोरीच्या सेवा केंद्रातूनही भरता येईल. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. सबळ कारण दाखवले तर उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये.

एक हक्क या जिल्ह्यात विशेष कामाचा आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. मोबाइलच्या थकबाकीसाठी लोकअदालतीची नोटीस हातात पडली की लोक घाबरतात. ती नोटीस म्हणजे शिक्षा नाही, तडजोडीचे बोलावणे आहे. तिथे जाऊन ‘हे बिल मला मान्य नाही’ म्हणता येते, आणि सोबत मोफत वकीलही मागता येतो.

काय बदलायला हवे

महाराष्ट्राला ग्राहक चळवळीची परंपरा आहे. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात १९७४ मध्ये ग्राहक पंचायत उभी केली, पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत आली, आणि १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर अकरा-बारा वर्षांनी झाला. लोक आधी एकत्र आले, कायदा मागून आला. मोबाइलच्या वजावटीबाबत हा क्रम पुन्हा घडवावा लागेल, आणि मागण्या नेमक्या असाव्या लागतील.

पहिली मागणी: ग्राहकाने नाकारलेल्या सेवेची संमती कंपनीने सात दिवसांत दाखवावी, दाखवता आली नाही तर पहिल्या दिवसापासूनची रक्कम परत जावी. दुसरी: वजावटीचा प्रत्येक संदेश ग्राहकाने निवडलेल्या भाषेत असावा. तिसरी: विजेसारखीच मोबाइललाही वादग्रस्त रक्कम बाजूला ठेवण्याची तरतूद हवी, वाद चालू असताना क्रमांक तोडू नये आणि कंपनी बदलायला अडवू नये. चौथी: कंपनीबाहेरचा लोकपाल, आणि विदर्भासाठी त्याचे कार्यालय नागपुरात.

पाचवी मागणी सर्वांत जवळची आहे, कारण तिला नवा कायदा लागत नाही. २०१९ च्या कायद्याखाली जुलै २०२० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अनुचित पद्धत बंद करण्याचा आणि घेतलेली किंमत परत द्यायला लावण्याचा अधिकार आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडून या प्राधिकरणाकडे तक्रार जाऊ शकते. त्याच कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात ग्राहक संरक्षण परिषद सांगितली आहे आणि तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात. गडचिरोलीच्या परिषदेने आरमोरीपासून सिरोंच्यापर्यंतच्या अशा तक्रारी तक्रार क्रमांकांसह एकत्र केल्या, तर एकेकाचे तीस रुपये एका प्रकरणात उभे राहतील. त्यासाठी आधी ते क्रमांक हवेत. म्हणून तीस रुपयांसाठी तक्रार नोंदवणाऱ्याला कोणी कमी लेखू नये. त्याच्या नोंदीवरच बाकीच्यांचा परतावा मागता येणार आहे.